सर एडवर्ड कोक : जुन्या निकालांना आवाज देणारा न्यायाधीश



गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू समोरच्या काकूंच्या गॅलरीत गेला की आऊट धरायचे की नाही, यावरून भांडण होते. मग कोणीतरी म्हणतो, परवा पिंट्याचा चेंडू गेला तेव्हा आपण आऊट दिला होता, मग आज याला वेगळा न्याय कशाला? सगळे गप्प होतात. का बरं? कारण सारख्या गोष्टीला सारखा निकाल हवा, हे लहान मुलालाही कळते. पण लगेच दुसरा विचारतो, परवा आऊट दिला होता हे खरे कशावरून? आणि तो का दिला होता?

हेच दोन प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांपुढे शेकडो वर्षे उभे होते. आधीच्या खटल्यात काय ठरले होते आणि का ठरले होते? कायद्याच्या भाषेत अशा जुन्या निकालाला पूर्वनिर्णय म्हणतात. आपल्याकडे कोर्टात त्याला नजीर किंवा दाखला असेही म्हणतात. हे दाखले शोधण्यात, लिहून ठेवण्यात आणि त्यांच्या बळावर थेट राजासमोर उभे राहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या सर एडवर्ड कोक यांची आज आपण ओळख करून घेणार आहोत. त्यांच्या आडनावाचा इंग्रजी उच्चार खरे तर कुक असा होतो, पण मराठीत कोक हेच रूळले आहे.

कोक यांच्या आधी दाखले कुठे होते?

कोक यांचे मोठेपण समजायचे तर आधी थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडमध्ये राजाच्या न्यायालयांनी देशभर एकसारखा लागू केलेला जो कायदा हळूहळू तयार झाला, त्याला कॉमन लॉ म्हणतात. हा कायदा कोणी एका बैठकीत बसून लिहिलेला नव्हता. रूढी, राजाचे काही लेखी कायदे आणि न्यायाधीशांचे निकाल यांतून तो घडत गेला.

राजाच्या न्यायालयातील खटल्यांची नोंद चामड्याच्या लांब पट्ट्यांवर लॅटिन भाषेत होत असे. आज उपलब्ध असलेल्या अशा नोंदी ११९४ पासूनच्या आहेत. पण त्यांत एक मोठी उणीव होती. कोणी दावा केला, समोरच्याने काय उत्तर दिले, निकाल काय लागला एवढेच त्यात असे. निकाल का दिला, हे बहुतेक वेळा नसेच. बघा, म्हणजे आऊट दिला होता हे कळायचे, पण कशामुळे ते कळायचे नाही.

तेराव्या शतकात ब्रॅक्टन नावाच्या न्यायाधीशाने या नोंदींमधून सुमारे दोन हजार खटले उतरवून घेतलेली एक वही आज आपल्याला मिळते. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन ग्रंथात सुमारे पाचशे खटल्यांचा उल्लेख आहे. पुढे साधारण तेराव्या शतकाच्या अखेरीपासून १५३५ पर्यंत वकील मंडळींनी कोर्टातला वादविवाद टिपून ठेवायला सुरुवात केली. या टिपणांना इयर बुक्स म्हणतात. ती कायद्याच्या कामात वापरल्या जाणाऱ्या फ्रेंच भाषेत आहेत. त्यांत वकील काय बोलला, न्यायाधीशाने त्याला कसे टोकले हे असते, पण शेवटी निकाल काय लागला हे कित्येकदा नसतेच! एकीकडे निकाल आहे पण कारण नाही. दुसरीकडे चर्चा आहे पण निकाल नाही.

तरीही आजचा निकाल उद्या उपयोगी पडणार, ही जाणीव तेव्हाही होती. १३०४ मधल्या एका खटल्यात तर वकिलाने न्यायाधीशांना सांगितले होते की, तुम्ही आज जो निवाडा द्याल तो यापुढे अशा प्रत्येक खटल्यात प्रमाण मानला जाईल. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्या काळी एखादा जुना निकाल न्यायाधीशाला बांधून ठेवत नसे. कायदा काय आहे याचा तो एक पुरावा मानला जाई. एकच निकाल असेल तर तो बाजूला सारता येई. पण वर्षानुवर्षे एकाच दिशेने निकाल लागत आले असतील, तर त्या वहिवाटीला मोठे वजन असे.

जन्म आणि शिक्षण

एडवर्ड कोक यांचा जन्म १ फेब्रुवारी १५५२ रोजी इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात माइलहॅम या गावी झाला. वडील रॉबर्ट कोक हे वकील होते. एडवर्ड नऊ वर्षांचे असतानाच वडील वारले. नॉरिच येथे शालेय शिक्षण झाल्यावर १५६७ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांनी पदवी घेतली नाही. त्या काळी वकील व्हायला पदवी लागत नसे. लंडनमधल्या वकिलांच्या संस्थांमध्ये राहायचे, तिथेच जेवायचे, ज्येष्ठांची व्याख्याने ऐकायची आणि कोर्टात जाऊन खटले ऐकायचे, हेच शिक्षण. कोक १५७२ मध्ये इनर टेंपल या संस्थेत आले आणि १५७८ मध्ये वकील झाले.

पहिलाच खटला : मूळ कागद बघा!

कोक यांच्या सुरुवातीच्या खटल्यातून त्यांचा स्वभाव लगेच कळतो. नॉरफोकमधल्या एका गावच्या धर्मगुरूवर लॉर्ड क्रॉमवेल या सरदाराने बदनामीचा दावा लावला होता. दावा एका जुन्या कायद्यावर आधारलेला होता. समोर बडा सरदार, इकडे साधा धर्मगुरू आणि त्याचा तरुण, नवखा वकील. जिंकायची आशा कमीच.

कोक यांनी काय केले असेल? त्यांनी तो जुना कायदा मुळातून वाचला. तेव्हा लक्षात आले की सरदाराच्या वकिलांनी छापील इंग्रजी भाषांतरावर विसंबून दावा लिहिला आहे, आणि त्या भाषांतरात मूळ फ्रेंचमधला एक शब्द चुकला आहे. मूळ शब्दाचा अर्थ होता खोट्या गोष्टी. भाषांतरात तो निरोप असा झाला होता. कायदाच चुकीचा उद्धृत केला, म्हणून तो दावा टिकला नाही. सरदाराला नव्याने मांडणी करावी लागली आणि शेवटी प्रकरण तडजोडीने मिटले.

या अनुभवातून कोक यांनी आयुष्यभर पुरेल असा धडा घेतला. दुसऱ्याने काढलेल्या सारांशावर विसंबायचे नाही, मूळ नोंद काढून पाहायची. त्यांनी हा खटला पुढे आपल्या ग्रंथात आवर्जून दिला, तो तरुण वाचकांना हीच शिकवण मिळावी म्हणून.

खटल्यांची वही आणि रिपोर्ट्स

विद्यार्थी असल्यापासूनच कोक यांना कोर्टात ऐकलेले टिपून ठेवायची सवय होती. दिवसभर कोर्ट ऐकायचे आणि कोणता मुद्दा निघाला, कोणते जुने दाखले पुढे आले, न्यायाधीशांनी काय ठरवले हे लिहून काढायचे. वह्यांवर वह्या भरत गेल्या. तुम्हीही नोट्स काढता ना? फरक एवढाच की कोक यांनी त्या परीक्षा झाल्यावर टाकून दिल्या नाहीत!

१६०० मध्ये या नोंदींतून तयार झालेला पहिला ग्रंथ छापला गेला. १६१५ पर्यंत अकरा भाग निघाले आणि त्यांच्या मृत्यूनंतर आणखी दोन. इतर वकिलांनीही असे संग्रह केले होते. प्लाउडन यांचा संग्रह १५७१ मध्येच छापला गेला होता आणि तो फार काटेकोर मानला जाई. पण कोक यांच्या संग्रहाला एवढा मान मिळाला की वकील त्याला नुसते रिपोर्ट्स म्हणू लागले. कोणाचे रिपोर्ट्स, हे सांगायची गरजच उरली नाही.

या ग्रंथांचे वैशिष्ट्य काय? कोक एक खटला घेतात आणि त्यातला मुद्दा वेगळा काढतात. मग त्याच मुद्द्यावरचे शे-दोनशे वर्षांपूर्वीचे खटले एकामागून एक मांडतात आणि न्यायालयाने काय ठरवले ते कलमवार सांगतात. धुळीत पडलेली चामड्याची नोंद आता वकिलाच्या टेबलावर आली, तीही कारणांसह.

स्लेडचा खटला : सोळा पौंडांचे पीक

दाखल्याने निकाल कसा फिरतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्लेडचा खटला. डेव्हन परगण्यातल्या जॉन स्लेड याने आपल्या शेतातले उभे पीक, म्हणजे गहू आणि राय, हंफ्री मॉर्ली याला सोळा पौंडांना विकले. मॉर्लीने पैसे दिले नाहीत. स्लेड कोर्टात गेला.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे? पैसे घेतले नसतील तर मिळायलाच हवेत. पण अडचण होती दाव्याच्या प्रकाराची. जुन्या पद्धतीचा कर्जवसुलीचा दावा लावला, तर प्रतिवादीला एक पळवाट होती. मी देणे लागत नाही अशी त्याने शपथ घ्यायची आणि हा खरे बोलतो अशी शपथ घेणारी आणखी अकरा माणसे आणायची. झाले, सुटका! ज्या खेड्यात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे खोटी शपथ घ्यायला माणूस कचरेल. पण शहरात? म्हणून लोक वेगळा दावा लावू लागले : तू द्यायचे वचन दिलेस आणि मोडलेस, म्हणून भरपाई दे. या दाव्यात ज्युरी बसे आणि शपथेची पळवाट नसे.

राजाचे एक न्यायालय, किंग्ज बेंच, असे दावे चालू देत होते. दुसरे न्यायालय, कॉमन प्लीज, त्यांना नकार देत होते. एकाच देशात, एकाच विषयावर, दोन न्याय! हा प्रश्न अखेर सर्व वरिष्ठ न्यायाधीशांसमोर गेला आणि काही वर्षे चालला. स्लेडच्या बाजूने उभे होते कोक, आणि मॉर्लीच्या बाजूने बोलणाऱ्यांत होते फ्रान्सिस बेकन. होय, तेच प्रसिद्ध तत्त्वज्ञ. या दोघांचे आयुष्यभर पटले नाही.

निकाल १६०२ मध्ये लागला, तो स्लेडच्या बाजूने. कोक यांच्या वृत्तान्तात निकालाचे पहिलेच कारण दिले आहे ते दाखल्यांचे. किंग्ज बेंचने गेली कित्येक वर्षे, कित्येक राजांच्या काळात, असे दावे मान्य केले आहेत; एवढी मोठी वहिवाट मोडता येणार नाही. सोळा पौंडांच्या पिकावरून निघालेल्या या निकालाने इंग्लंडमध्ये कराराचा कायदा उभा राहायला मोठी मदत झाली.

सरकारी वकील कोक : एक काळी बाजू

मित्रांनो, चरित्र वाचताना माणसाची फक्त उजळ बाजू पाहू नये. कोक १५९३ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती आणि १५९४ मध्ये अॅटर्नी जनरल, म्हणजे राजसत्तेचे सर्वोच्च वकील झाले. या पदावर ते अतिशय कठोर वागले. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. मुख्य साक्षीदाराला आपल्यासमोर उभे करा, एवढीच रॅले यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. कोक यांनी भर कोर्टात त्यांना इतके अपमानास्पद शब्द वापरले की ऐकणारेही अवाक झाले. आरोपींचा छळ करून माहिती काढण्याच्या सरकारी कामातही त्यांचा हात होता. आणि याच कोक यांनी म्हातारपणी ग्रंथात लिहून ठेवले की असा छळ इंग्लंडच्या कायद्यात बसत नाही!

न्यायाधीश आणि राजा समोरासमोर

१६०६ मध्ये कोक कॉमन प्लीज न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. सरकारी वकिलाची खुर्ची सुटली आणि माणूस जणू बदललाच.

तेव्हा पहिला जेम्स गादीवर होता. राजा हा देवाचा प्रतिनिधी, कायद्याचा उगमच राजा, असे त्याचे ठाम मत. न्यायाधीश माझ्या नावाने न्याय देतात, मग मी स्वतः एखादा खटला चालवला तर काय बिघडले, असा प्रश्न त्याच्या मनात आला. चर्चच्या प्रमुखांनीही त्याला तसाच सल्ला दिला होता.

कोक यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या वृत्तान्तानुसार त्यांनी राजाला साफ सांगितले की राजाला असा निवाडा करता येणार नाही. आधार कशाचा दिला? पुन्हा दाखल्यांचाच! इंग्लंडमध्ये नॉर्मन राजांच्या विजयापासून एकाही राजाने स्वतः बसून असा निकाल दिलेला नाही. राजा बुद्धिमान आहे, यात वाद नाही. पण लोकांच्या जमिनी, जीव आणि मालमत्ता यांचे खटले नुसत्या उपजत बुद्धीने सुटत नाहीत. त्यासाठी कायद्याचा दीर्घ अभ्यास आणि अनुभव लागतो. आणि शेवटी त्यांनी जुन्या ब्रॅक्टनचा आधार घेतला : राजा कोणा माणसाच्या हाताखाली नसला, तरी देव आणि कायदा यांच्या हाताखाली असतो.

राजा भयंकर संतापला. तिथल्या प्रसंगाविषयी इतरांनी लिहिलेल्या पत्रांत मात्र वेगळे चित्र दिसते. त्यांच्या सांगण्यानुसार कोक यांनी गुडघे टेकून राजाची क्षमा मागितली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. माणूस घाबरलाही असेल आणि मुद्दा सोडलाही नसेल. कारण पुढची काही वर्षे त्यांचे निकाल त्याच दिशेने जात राहिले. १६१० मध्ये राजाने विचारले असता, त्यांनी इतर न्यायाधीशांसह मत दिले की राजा नुसता जाहीरनामा काढून नवा गुन्हा निर्माण करू शकत नाही.

त्याच वर्षीचा डॉक्टर बोनहॅम यांचा खटलाही प्रसिद्ध आहे. लंडनच्या वैद्यांच्या संस्थेने परवाना नाही म्हणून बोनहॅम यांना दंड केला आणि तुरुंगात टाकले. दंडातला निम्मा वाटा संस्थेलाच मिळणार होता. म्हणजे तक्रार करणारी तीच, न्याय देणारी तीच आणि पैसे घेणारीही तीच! कोणीही स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही, हे तत्त्व कोक यांनी इथे ठासून मांडले.

अकरा ग्रंथ आणि पाच चुका

१६१३ मध्ये कोक यांना किंग्ज बेंचचे मुख्य न्यायाधीश केले गेले. मान वाढला, पण राजाशी खटके थांबले नाहीत. १६१६ मध्ये एका बिशपला राजाने दिलेल्या जादा उत्पन्नाबद्दल खटला चालू होता. आपल्याशी बोलल्याशिवाय सुनावणी पुढे नेऊ नका, असा निरोप राजाने बेकन यांच्यामार्फत धाडला. बाराही न्यायाधीशांनी सहीनिशी कळवले की असा हुकूम कायद्याला धरून नाही आणि आम्ही काम पुढे चालवले आहे.

राजाने सगळ्यांना बोलावून घेतले. सगळे गुडघ्यावर बसले. राजाने विचारले, यापुढे मी खटला थांबवायला सांगितले तर थांबवाल का? अकरा जणांनी मान डोलावली. कोक मात्र एवढेच म्हणाले की तशी वेळ येईल तेव्हा न्यायाधीशाला जे शोभेल ते मी करीन.

त्यांना कामावरून दूर ठेवण्यात आले. आणि शिक्षा काय दिली बघा : सुट्टीत बसून स्वतःचे रिपोर्ट्स तपासायचे आणि त्यांतल्या चुका काढायच्या. राजाला नेमके ठाऊक होते की या माणसाची ताकद खुर्चीत नाही, त्या ग्रंथांत आहे. ज्याच्या हातात जुने निकाल, त्याच्या हातात कायदा.

महिन्यांनी कोक परत आले. अकरा ग्रंथांतल्या पाचशेहून अधिक खटल्यांमधून त्यांनी किती चुका काढल्या? फक्त पाच! त्याही किरकोळ. वर ते असेही म्हणाले की नामांकित प्लाउडन यांच्या ग्रंथातही चुका सापडतात. १६१६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना पदावरून काढून टाकण्यात आले.

पुढच्याच वर्षी त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या चाहत्यांनाही खटकते. राजाची मर्जी परत मिळवण्यासाठी त्यांनी आपली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी फ्रान्सिस हिचे लग्न राजाच्या आवडत्या सरदाराच्या भावाशी ठरवले. मुलगी तयार नव्हती, आईने तिला एका घरात लपवले. कोक माणसे घेऊन गेले आणि दार फोडून तिला घेऊन आले. आता गंमत म्हणा की दुर्दैव, १६०४ च्या सेमेन खटल्याचा वृत्तान्त लिहिताना याच कोक यांनी सांगितले होते की माणसाचे घर म्हणजे त्याचा गडच. राजाच्या अधिकाऱ्यालासुद्धा दार फोडण्याआधी आपण का आलो ते सांगून दार उघडायची विनंती करावी लागते.

संसद, तुरुंग आणि स्वतःचाच दाखला

१६२१ मध्ये कोक संसदेत गेले आणि राजाच्या विरोधातल्या गटाचे पुढारी झाले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकण्यात आले. सुमारे सात महिने ते कैदेत होते. वय होते जवळपास सत्तर.

१६२८ मध्ये खरी कसोटी लागली. नवा राजा पहिला चार्ल्स लोकांकडून सक्तीचे कर्ज वसूल करत होता आणि नकार देणाऱ्यांना कारण न सांगता डांबत होता. कोक यांनी संसदेत सांगितले की कारण न देता कोणालाही कैदेत ठेवता येत नाही. तेव्हा सरकारी पक्षाने त्यांच्यापुढे कोणता दाखला ठेवला असेल? त्यांचाच! न्यायाधीश असताना त्यांनी नेमके याच्या उलट मत दिले होते.

आयुष्यभर दुसऱ्यांना जुने निकाल दाखवणारा माणूस स्वतःच्या जुन्या निकालात अडकला. कोक यांनी ते नाकारले नाही. तेव्हा आपण एका पुस्तकातल्या मतावर विसंबलो होतो, त्यानंतर मॅग्ना कार्टा आणि इतर जुने कायदे पाहिल्यावर आपले मत बदलले, असे त्यांनी सभागृहात सांगितले. पहिल्या खटल्यातला तो धडा आठवतो ना? मूळ कागद बघा. शहात्तराव्या वर्षी ते स्वतः पुन्हा तोच शिकले. त्या वर्षी संसदेने राजाकडून हक्कांचा अर्ज म्हणजे पिटिशन ऑफ राइट मान्य करून घेतला. त्यामागे कोक यांचा मोठा वाटा होता.

शेवटचे दिवस

त्याच १६२८ मध्ये त्यांच्या इन्स्टिट्यूट्स या ग्रंथाचा पहिला भाग आला. जमिनीच्या कायद्यावरचे हे पुस्तक पुढे पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांनी घाम गाळत वाचले. उरलेल्या भागांचे काम घरी चालू होते. ३ सप्टेंबर १६३४ रोजी कोक यांचे निधन झाले. ते मरणशय्येवर असतानाच राजाच्या माणसांनी त्यांचे कागदपत्र जप्त केले. एका ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हस्तलिखितांची राजाला एवढी धास्ती!

पण कागद दडपले म्हणून विचार दडपता येत नाही. १६४१ मध्ये संसदेने ते परत मिळवून छापण्याचा आदेश दिला. १६४२ मध्ये मॅग्ना कार्टावरचा भाग आणि १६४४ मध्ये उरलेले दोन भाग बाहेर पडले.

कोक यांच्यावर किती भरवसा ठेवायचा?

हा प्रश्न विचारायलाच हवा. कोक काय झाले एवढेच सांगत नाहीत, काय व्हायला हवे होते तेही त्यात मिसळतात. स्लेडच्या खटल्याचे इतरांनी केलेले टिपण पाहिले, तर कोक यांनी न्यायालयाच्या तोंडी घातलेली बरीचशी कारणे त्यांच्या स्वतःच्या युक्तिवादाच्या जवळची वाटतात. बोनहॅम खटल्यात त्यांनी दिलेले काही जुने दाखले त्यांच्या निष्कर्षाला पुरेसा आधार देत नाहीत, असे पुढच्या इतिहासकारांनी दाखवले आहे. म्हणजे जुन्या निकालांचा हा सर्वात मोठा जाणकार त्यांना सोयीनुसार वाकवतही होता.

तरीही एक गोष्ट उरते. कारणे लिहून छापल्यामुळे ती तपासता येऊ लागली. कोक चुकले हे आपण आज सांगू शकतो, ते त्यांनी कोणत्या आधारावर काय म्हटले हे लिहून ठेवले म्हणूनच. न बोलणाऱ्या नोंदीशी वाद घालता येत नाही, कारण सांगणाऱ्या नोंदीशी घालता येतो.

जुना निकाल पाळलाच पाहिजे हा कडक नियम मात्र कोक यांच्या काळातला नाही. तो इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. १८९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, स्वतःचे निकाल स्वतःवरही बंधनकारक मानले आणि १९६६ मध्ये ती गाठ थोडी सैल केली.

आपला यांच्याशी काय संबंध?

ब्रिटिशांबरोबर ही पद्धत आपल्याकडे आली. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले आणि १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत त्याचे निवडक निकाल छापले जाऊ लागले. आज आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. खरक सिंग यांच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावत. त्या खटल्यात, १९६२ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवताना सेमेन खटल्याची आठवण काढली. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज वकिलाने लिहून ठेवलेला दाखला एका भारतीय नागरिकाच्या दाराशी उभा राहिला!

या चरित्रातून आपण काय घ्यावे?

मित्रांनो, कोक हे काही निर्दोष पुरुष नव्हते. रॅले यांच्याशी ते जसे वागले, लेकीशी जसे वागले, ते विसरता येत नाही. पण सत्तेवर बसलेल्या माणसालाही आधी काय ठरले होते ते विचारता येते, आणि त्याचे उत्तर कोणाच्या मर्जीवर नव्हे तर लिहिलेल्या कारणांवर ठरते, ही सवय इंग्लंडच्या न्यायालयांना लागण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

आता पुढचे प्रश्न वहीत लिहा आणि मित्रमैत्रिणींशी चर्चा करा :

१. निकालासोबत कारण लिहिले नाही, तर पुढच्या माणसाचे काय नुकसान होते?

२. जुना निकाल चुकीचा आहे असे वाटले, तर तो पाळावा की बदलावा? बदलायचा असेल तर कोणी आणि कसा?

३. कोक यांनी १६२८ मध्ये आपले मत बदलले. हा दुबळेपणा होता की प्रामाणिकपणा? उत्तरासोबत कारण लिहायला विसरू नका!